संचालक मंडळात स्त्रियांसाठी राखीव खुर्च्या हव्यात का?

गारगोटी
नॉर्वेने २००३ साली कायदा केला की सार्वजनिक (सरकारी नव्हे, पब्लिक लिमिटेड) कंपन्यांच्या संचालक मंडळात स्त्री-पुरुष दोघांचंही प्रमाण साधारण ४० टक्के तरी हवं. जुन्या कंपन्यांना २००८ पर्यंत मुदत मिळाली. न पाळल्यास कंपनी बरखास्त! मग "लायक बायका मिळतच नाहीत" हे रडगाणं बंद झालं आणि बायका सापडल्या. माझं मत कोट्याच्या बाजूने.

हिशेबी
सापडल्या खऱ्या, पण काही कंपन्यांनी नोंदणीचा प्रकारच बदलून कायद्यातून अंग काढून घेतलं, तेही सांगा. शिवाय मोजक्याच बायका अनेक मंडळांवर दिसू लागल्या, त्यांना 'सोनेरी स्कर्ट' असं नाव पडलं. ब्रिटनने कायदा न करता नुसतं लक्ष्य ठेवलं. शंभर मोठ्या कंपन्यांत २०११ मध्ये १२.५ टक्के स्त्री संचालक होत्या, २०१५ मध्ये २६ टक्के. बडगा लागतोच असं नाही.

गारगोटी
बडगा उगारलेला होता हो, मारला नाही इतकंच. ते लक्ष्य सुचवणाऱ्या डेव्हिस अहवालातच होतं की एवढ्याने भागलं नाही तर सरकारने कडक उपायांचा अधिकार हाती ठेवावा. आणि एकच पुरुष पाच मंडळांवर असला की त्याला आपण 'दांडगा अनुभव' म्हणतो. त्याच्या पँटला कुणी नाव ठेवलं नाही.

उंबरा
मी कंपनी सचिव आहे, मिनिट्स लिहिते. भारतात २०१३ च्या कायद्याने सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक बंधनकारक झाली, तेव्हा प्रवर्तकाची (कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्याची) बायको किंवा सून बसवून मोकळं होता येत होतं. मग शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकाशी लागाबांधा नसलेल्या, स्त्री संचालकाची अट घातली. १ एप्रिल २०२० पासून ती बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना लागू आहे. फरक कुठे पडतो सांगू? घरची माणसं अजेंड्यावर सह्या करतात. एका कंपनीत बाहेरून आलेल्या बाईंनी प्रवर्तकाच्याच दुसऱ्या कंपनीशी होणाऱ्या व्यवहाराचा दर विचारला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. बाई म्हणून नव्हे, परकी म्हणून विचारू शकल्या. पण कोट्याशिवाय त्यांना बोलावलं असतं का, शंकाच आहे.

हिशेबी
म्हणजे तुमचा मुद्दा स्वतंत्रपणाचा झाला, स्त्रीत्वाचा नाही. मग तेवढीच अट कडक करा ना. नॉर्वेवरच्या अभ्यासातही खालच्या फळीतल्या स्त्रियांना फारसा फायदा दिसलेला नाही. सीईओ नेमायची वेळ आली की पुन्हा तेच चेहरे.

उंबरा
स्वतंत्र संचालकाची अट आधीही होती, दादा. तेव्हा प्रवर्तकाचे गोल्फमधले मित्र 'स्वतंत्र' म्हणून यायचे.

गारगोटी
सीईओचं मात्र मान्य. मंडळावरच्या बहुतेक बायका बिगर-कार्यकारी असतात, धंदा त्यांच्या हाती नसतो. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशातही ४० टक्क्यांचा एक पर्याय फक्त बिगर-कार्यकारी जागांपुरता आहे. तिथे मलाही उत्तर सुचत नाही.