स्टीलचा पेला रंगवताना अडलेय, मदत हवी आहे

नमस्कार. रोजच्या वापरातल्या वस्तूंची स्थिरचित्रं तैलरंगात करतेय. सध्या समोर आहेत स्टीलचा पेला, चार्जरची गुंडाळलेली वायर आणि टूथपेस्टची अर्धी संपलेली लाल ट्यूब. ट्यूब छान जमली. तिच्या चुरगळलेल्या घड्या रंगवताना वेळेचं भानच राहिलं नाही. गाडी अडलीय पेल्यापाशी. ट्यूबचा लाल रंग पेल्याच्या गोलाईवर लांबट होऊन उतरलेला मला स्पष्ट दिसतो, पण तो उजळायला टायटॅनियम व्हाइट घातलं की गुलाबी आणि खडूसारखा होतो. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) त्याच त्या बाटल्या वर्षानुवर्षं रंगवत राहिले, म्हणून पेला सोडायचा नाही असं ठरवलंय. लाल उजळायला पांढऱ्याऐवजी काय वापरू? की आजूबाजूच्या छटाच आणखी गडद करू? धातू रंगवलेल्यांनी कृपया सांगा.