'कोर्ट'मधला काळोख आणि त्यानंतरची सहल: अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांविषयी

सांजवारा:

नमस्कार मंडळी. गेल्या पंधरवड्यात मी दोन मराठी चित्रपट लागोपाठ पाहिले. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' पहिल्यांदाच पाहिला आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' दहा वर्षांनी दुसऱ्यांदा. 'स्थळ'बद्दल इथे कुणीतरी अधिक जाणकार लिहील अशी आशा आहे. माझा प्रश्न 'कोर्ट'च्या शेवटाविषयी आहे.

२०१५ च्या एप्रिलमध्ये 'कोर्ट' प्रदर्शित झाला तेव्हा तो मी ठाण्यात चित्रपटगृहात पाहिला होता. त्या वेळी माझे सारे लक्ष खटल्याकडे होते. शाहीर नारायण कांबळे यांचे गाणे ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली, असा पोलिसांचा आरोप आहे, आणि तो टिकणार की नाही एवढाच प्रश्न घेऊन मी बसलो होतो. या वेळी निकाल येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे इतर गोष्टींकडे लक्ष गेले. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेल्या सरकारी वकील बाई न्यायालयातून निघतात, लोकलमध्ये शेजारच्या बाईशी खाण्यापिण्याच्या गप्पा मारतात, मुलाला पाळणाघरातून घेतात आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. कॅमेरा हे सगळे एका जागी थांबून पाहतो. दुसऱ्या दिवशी त्याच बाई कांबळे यांना जामीन मिळू नये म्हणून त्याच सपाट सुरात कलमे वाचतात. पहिल्या वेळी मला त्यांचा राग आला होता, या वेळी तो तितक्या सहजपणे आला नाही, आणि त्यामुळेच मी अधिक अस्वस्थ झालो.

आता शेवट. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथे थांबावे.) कांबळे यांना दुसऱ्यांदा अटक झालेली आहे, त्यांची प्रकृती बरी नाही, न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागत आहे, आणि न्यायाधीश सदावर्ते बचाव पक्षाच्या वकिलांना उच्च न्यायालयात जायला सांगून मोकळे होतात. खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडद्यावर काळोख पसरतो. तो इतका वेळ राहतो की चित्रपट संपला असेच वाटते. ठाण्याच्या त्या खेळाला माझ्या पुढच्या रांगेतल्या जोडप्याने पिशव्यासुद्धा उचलल्या होत्या. आणि मग एकाएकी दिवस उजाडतो. सदावर्ते आपल्या मंडळींबरोबर सहलीला गेले आहेत, एका ओळखीच्या गृहस्थांना त्यांच्या न बोलणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्र आणि खड्याची अंगठी सुचवत आहेत, आणि दुपारी बागेतल्या बाकावर त्यांचा डोळा लागलेला असताना मुले ओरडून त्यांना उठवतात, तेव्हा ते एका मुलाच्या थोबाडीत देतात.

चित्रपट त्या काळोखातच संपायला हवा होता का? मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणूनच विचारतो आहे. तुम्ही अलीकडे पाहिलेल्या कोणत्या चित्रपटाच्या शेवटाने तुम्हाला असे अडवून ठेवले, तेही अवश्य लिहावे.

तिसरी घंटा:

माझ्या मते काळोखातच संपायला हवा होता. जवळजवळ दोन तास हा चित्रपट कुणावरही शिक्का मारत नाही, हेच त्याचे सर्वांत मोठे बळ आहे. कॅमेरा लांब उभा राहतो आणि माणसे आपापल्या सवयींनी आपल्यासमोर उघडी होत जातात. असे असताना शेवटच्या पाच-दहा मिनिटांत न्यायाधीशांच्या तोंडी अंगठी आणि हाती थप्पड देणे म्हणजे दिग्दर्शकाने स्वतः उठून निकाल वाचून दाखवण्यासारखे आहे. स्लीव्हलेस कपडे घालून आली म्हणून एका बाईचे प्रकरण ते ऐकत नाहीत आणि पुढची तारीख देतात, ते दृश्य आपण आधीच पाहिलेले असते. सदावर्ते कोण आहेत हे तेवढ्यात कळले होते.

शेवटाविषयी विचारलेच आहे, तर गेल्या महिन्यात मुलीला दाखवण्यासाठी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' पुन्हा पाहिला. तिथेही शेवटी हात उचलला जातो, पण त्या हाताचा राग आपल्या डोळ्यांदेखत साठत आलेला असतो. जब्या या शाळकरी मुलाचे सगळे घर डुक्कर पकडायला लागलेले आहे, शाळेतली मुले कठड्यावर बसून हसत आहेत, त्यांतच त्याला आवडणारी शालूही आहे, आणि डुक्कर अगदी हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या आहे तिथे ताठ उभा राहतो, घरचे बाकीचेही उभे राहतात, आणि डुक्कर निघून जाते. माझी बारा वर्षांची मुलगी इथवर हसत होती. राष्ट्रगीत चालू असताना ती गप्प झाली, आणि शेवटी जब्याचा दगड थेट पडद्याबाहेर, आपल्या दिशेने आला तेव्हा तिने मान बाजूला घेतली. तो दगड चुकवण्याची संधी कुणाला नव्हती. 'कोर्ट'मधली थप्पड मात्र मी दुरून पाहिली, आणि माझे काही बिघडले नाही.

शॉर्टहँड:

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. चित्रपटाच्या तंत्राबद्दल मला फारसे बोलता येणार नाही, परंतु 'कोर्ट'मधल्या खोलीत मी आयुष्य काढले आहे, म्हणून लिहितो.

न्यायालयावरचे बहुतेक चित्रपट मला पाहवत नाहीत, कारण त्यांत वकील भाषणे करतात आणि साक्षीदार रडतात. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग पुकारा, गैरहजेरी आणि पुढची तारीख यांत जातो. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, साठ-सत्तर प्रकरणे असली तर एखाद्या माणसाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. हे 'कोर्ट'ने जसेच्या तसे दाखवले आहे, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जबानी लिहून घेण्याची रीत.

साक्षीदार बोलतो ते जसेच्या तसे कागदावर येत नाही. तो बोलतो, न्यायाधीश ते ऐकून स्वतःच्या वाक्यांत सांगतात आणि आम्ही ते टिपून घेतो. उलटतपासणीत तर वकिलाचा प्रश्नच साक्षीदाराचे उत्तर होऊन बसतो. वकील विचारतात, "तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हता ना?" साक्षीदार म्हणतो, "नाही साहेब, होतो की, माझी बायको पण होती, तिला विचारा." कागदावर येते, "मी त्या दिवशी घटनास्थळी हजर नव्हतो असे म्हणणे खरे नाही." बायको गळून जाते, तिला विचारा ही विनवणीही गळून जाते. एकतीस वर्षांत मी "असे म्हणणे खरे नाही" हे शब्द किती वेळा लिहिले असतील याची मोजदाद नाही.

म्हणूनच वासुदेव पवारच्या विधवेची साक्ष मी श्वास रोखून पाहिली. नवरा उतरण्याआधी मॅनहोलमध्ये खडा टाकून पाहत असे, झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजत असे, आणि वास सहन व्हावा म्हणून दारू पिऊन उतरत असे, असे ती सांगते. विषारी वायूने त्याचा एक डोळाही गेला होता. ती हे सारे आवाज न चढवता, विचारले तेवढेच सांगते. खऱ्या साक्षीदार बायका अशाच बोलतात. पुढे बचाव पक्षाचे वकील तिला आपल्या गाडीतून घरी सोडतात आणि पैसे देऊ करतात, तेव्हा ती पैसे न घेता काम असेल तर सांगा म्हणते.

माणसाला गटारात उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. चित्रपटात मात्र त्या खोलीत कुणीही विचारत नाही की या माणसाला संरक्षक साधनांशिवाय खाली उतरवले कुणी. सगळा वेळ गाण्यावर जातो. चौकशी कुणाची होते आणि कुणाची होतच नाही, ते मला त्या साक्षीच्या वेळी सर्वांत स्पष्ट दिसले.

सहलीबद्दल माझे मत तिसरी घंटा यांच्यापेक्षा वेगळे आहे. मी कित्येक न्यायाधीशांच्या हाताखाली काम केले, त्यांतले बरेच सज्जन आणि कष्टाळू होते. पण सायंकाळी दिवे मालवून शिपायाने कुलूप लावले की ती खोली आपल्यासाठी संपते, तशी ती कोठडीतल्या माणसासाठी संपत नाही. चित्रपट काळोखात संपला असता तर तो काळोख मी कांबळे यांचा समजलो असतो आणि हळहळून घरी गेलो असतो. त्यानंतरच्या उजेडात सुट्टी कुणाची आहे ते दिसते, आणि म्हणून ती सहल मला आवश्यक वाटते.

वैनगंगा:

सांजवारा यांनी 'स्थळ'चा विषय अर्धवट सोडला आहे, तो मी पुढे नेते. माझे माहेर चंद्रपूर जिल्ह्यातले आहे आणि चित्रपटही तिथल्याच डोंगरगावात घडतो, त्यामुळे मी तटस्थपणे लिहू शकणार नाही. पडद्यावर आमची बोली कुणाला हसवण्यासाठी न वापरता, साध्या बोलण्यासारखी ऐकायला मिळाली, यानेच मला भरून आले होते. बहुतेक कलाकार गावातलेच आणि नवखे आहेत, तरी कुणी कॅमेऱ्यासमोर उभे असल्यासारखे वाटत नाही.

सविता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, वडील कापसाचे शेतकरी आहेत आणि भाव पडलेला आहे. पाहुणे येतात, पुरुष ओळीने बसतात, सविता समोर बसते. नाव, शिक्षण, उंची, छंद. पाहुणे जातात. काही दिवसांनी दुसरे पाहुणे येतात आणि तेच प्रश्न त्याच क्रमाने येतात. दिग्दर्शकाने हा प्रसंग पुन्हा पुन्हा, जवळजवळ त्याच चौकटीतून दाखवला आहे, आणि काही प्रेक्षकांना त्याचा कंटाळा आला असे मी ऐकले. माझ्या वाट्याला असे अकरा कार्यक्रम आले. सातव्या वेळी मी माझी उंची सांगताना ती दुसऱ्या कुणाची तरी सांगते आहे असे मला वाटले होते. तो कंटाळा मुलीचा आहे, आणि प्रेक्षकाने त्यातला थोडा भाग उचलायला काही हरकत नाही.

सुरुवातीच्या दृश्याबद्दल आवर्जून लिहायला हवे. तिथे बायका पाहुण्या म्हणून बसलेल्या आहेत आणि मुलगा समोर येऊन उत्तरे देतो आहे. चित्रपटगृहात त्या वेळी हशा पिकला, मीही हसले. ते सविताचे स्वप्न आहे हे कळते, आणि नंतर तेच प्रश्न खऱ्या बैठकीत तिला विचारले जातात, तेव्हा माझ्या रांगेत कुणीही हसले नाही. प्रश्न तेच होते. मला 'स्थळ'मधली सर्वांत नेमकी गोष्ट हीच वाटते, आणि यात कुणाला थप्पड मारण्याची गरज पडली नाही, एवढे तिसरी घंटा यांच्या बाजूने सांगता येईल.

काजवा:

मी रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' पाहिला. २०२५ च्या अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला जागतिक चित्रपट विभागातला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हापासून वाट पाहत होतो. वडील वारल्यावर आनंद मुंबईहून आईबरोबर गावी येतो, आणि सुतकाच्या दहा दिवसांत बालपणीच्या मित्राशी, बाळ्याशी, त्याचे जुने नाते पुन्हा जुळते. नातेवाईक सुतकाचे नियम सांगतात आणि त्याच दमात लग्न कधी करणार असे विचारतात. माझ्या वडिलांच्या वेळी मीही तिशीतला अविवाहित मुलगा होतो, आणि तेराव्याच्या पंगतीत वाढताना मला दोन स्थळे सुचवली गेली होती, हे आजही मला आठवते.

या चित्रपटात कुणी ओरडत नाही. आईला मुलाचे सारे ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूने आहे, पण नात्यातल्या बायकांसमोर ती काय बोलते आणि काय बोलायचे टाळते, ते जयश्री जगताप यांच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखे आहे. बाळ्या साबराची, म्हणजे निवडुंगाची, बोंडे आणून देतो. ज्यांनी ती लहानपणी खाल्ली आहेत त्यांना बारीक कुसळे बोटांत शिरली की काय होते ते ठाऊक असेल, त्यामुळे कुणीतरी आपल्यासाठी ती कुसळे आधी काढून ठेवली, यात किती माया आहे ते मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. वैनगंगा यांनी लिहिलेल्या कंटाळ्यासारखाच इथे एक संथपणा आहे. घाईत पाहिला तर हाती काही लागणार नाही, म्हणून शक्य असल्यास मोठ्या पडद्यावर पाहावा.

सांजवारा:

सर्वांचे मनापासून आभार. शॉर्टहँड, तुमचे "असे म्हणणे खरे नाही" वाचून मी काल रात्री साक्षीचा भाग पुन्हा लावला आणि या वेळी न्यायाधीश काय लिहून घेतात तेवढेच ऐकले. विधवा जेवढे बोलते त्यातले किती कागदावर जाते याकडे मी दोन्ही वेळा लक्षच दिले नव्हते. एक शंका आहे: उन्हाळी सुट्टीत खरोखरच महिनाभर कुणाचा जामीन ऐकला जात नाही का?

शॉर्टहँड:

तसे नाही. तातडीच्या कामांसाठी सुट्टीतले न्यायाधीश नेमलेले असतात आणि जामिनाचे अर्ज त्यांच्यापुढे ठेवता येतात. मात्र मूळ खटला जिथल्या तिथे राहतो, कागदपत्रे शोधून आणावी लागतात, आणि ज्याचा वकील त्या दिवसांत बाहेरगावी गेला असेल त्याचा अर्ज पडून राहतो. मे महिन्यात पाळीवर असताना मी नातेवाइकांना बंद खोलीबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसलेले पाहिले आहे. त्यांना सुट्टी लागल्याचे कुणी सांगितलेले नसे, आणि हातातल्या चिठ्ठीवर तारीख आजचीच असे.

तिसरी घंटा:

शॉर्टहँड, तो बाक वाचून मी गप्प झालो. थप्पड मला अजूनही जड वाटते, पण सहल काढून टाकावी असे आता म्हणणार नाही. या रविवारी पुन्हा पाहतो, आणि या खेपेला काळोख पडला की उठणार नाही.