मदत हवी आहे: भावाला स्वादुपिंडाची सूज, पित्ताशयाचं ऑपरेशन कधी करावं?

नमस्कार मंडळी, आम्ही तासगावकडचे. थोरल्या भावाच्या पोटात वरच्या बाजूला असं दुखायला लागलं की आडवं पडवेना, पुढं वाकून गुडघे पोटाशी धरून बसला तरच जरा बरं वाटायचं आणि कळ पार पाठीत जायची, वर उलट्या. सगळे म्हणाले पित्त झालंय. मिरजेला नेलं तर रक्तात लायपेज (स्वादुपिंडाचं एक एन्झाइम) नॉर्मलच्या तिपटीच्या वर आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडे, म्हणजे अॅक्युट पॅनक्रियाटायटिस, स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. खडा नळीच्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंडाचा रस आतच तुंबतो आणि अन्न पचवायचे एन्झाइम त्या ग्रंथीलाच खायला लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. दारूला तो शिवतही नाही, तरी येणारा जाणारा पहिलं तेच विचारतो, वहिनीला फार लागतं हो ते.

आता घरी आणलाय. डॉक्टर म्हणतात सूज उतरली की पित्ताशय काढा, नाहीतर परत अटॅक येईल. भाऊ घाबरतोय, त्यात कुणीतरी पानफुटीचा रस सांगितलाय, पण तो मुतखड्याला देतात ना? मला तर ऑपरेशनच पटतंय.

कुणाच्या घरात झालंय का असं? ऑपरेशन किती दिवसांनी केलं, महात्मा फुले योजनेत बसलं का? तेल बंद म्हणजे शेंगाची चटणी, दूध पण बंदच का? इन्शुलिन स्वादुपिंडातच बनतं म्हणून शुगर कितीदा तपासायची? अनुभव असेल त्यांनी प्लीज लिहा.