अनोळखी माणसांशी राजकारणावर वाद घालावा का, आणि घातलाच तर कुठवर?

दवबिंदू (प्रश्न)

समाजमाध्यमांवर राजकारण, इतिहास, भाषा, धर्म अशा विषयांवर अनोळखी लोकांशी होणाऱ्या वादांबद्दल मला इथल्या जाणत्यांचे मत हवे आहे. डोळ्यांदेखत खोटी माहिती पसरत असताना गप्प बसणे मला पटत नाही, म्हणून मी अशा वादांत नेहमी उतरते. परंतु त्यातून नेमके काय साधते, हा प्रश्न आता मला टाळता येत नाही.

एक उदाहरण देते. एका अपरिचित गृहस्थांनी प्रचंड गर्दीचे छायाचित्र टाकून ते आदल्या दिवशीच्या सभेचे असल्याचे लिहिले होते. ते छायाचित्र काही वर्षांपूर्वीच्या, अगदी वेगळ्या कार्यक्रमाचे आहे, हे मी मूळ बातमीच्या दुव्यासह दाखवून दिले. त्यावर उत्तर आले, ‘फोटो जुना असेल, पण भावना खरी आहे.’ मी लिहिले की, भावनेबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, तारीख तेवढी दुरुस्त करावी. पुढचे उत्तर होते, ‘समोरच्यांनी हेच केले तेव्हा तुम्ही कुठे होता?’ त्यानंतर भलत्याच लोकांनी माझे प्रोफाइल उघडून माझा फोटो, आडनाव आणि नोकरी यांवर लिहायला सुरुवात केली, आणि संध्याकाळपर्यंत छायाचित्राच्या तारखेचा विषय कुणाच्या लक्षातही राहिला नव्हता.

अशा वादातून कुणाचे मत कधी बदलते का? आणि थांबायचे केव्हा, हे कशावरून ओळखावे?

मुक्तछंद

ज्याच्याशी आपण वाद घालता त्याचे मत बदलणे आणि तो वाद वाचणाऱ्यांच्या मनात काहीतरी उतरणे, या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. चारचौघांत आपले म्हणणे मागे घेणे कुणालाही जड जाते, कारण तिथे मुद्द्यापेक्षा माणसाची पत पणाला लागलेली असते. त्यामुळे समोरचा माणूस त्याच धाग्यावर ‘मला पटले’ असे लिहील, ही अपेक्षा धरून लिहायला बसले की निराशा ठरलेली.

याचा अर्थ पुरावा वाया जातो असा मात्र नाही, आणि इथे एक पसरलेला समज दुरुस्त करावासा वाटतो. ब्रेंडन नायहॅन आणि जेसन रायफलर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, चुकीची समजूत दुरुस्त करू गेल्यास काही लोक काही बाबतींत तिला अधिकच घट्ट धरतात. तेव्हापासून ‘पुरावा दाखवला की माणूस उलट हट्टाला पेटतो’ हे विधान सर्रास केले जाते. पुढे थॉमस वुड आणि एथन पोर्टर यांनी ५२ मुद्दे आणि १०,००० हून अधिक माणसे घेऊन हीच गोष्ट तपासली, आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधात असा उलटा परिणाम टिकला नाही. सर्वसाधारणपणे लोकांनी दुरुस्त केलेली माहिती मान्य केली. त्याच सुमारास या चौघांनी मिळून आणखी एक काम केले. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांनी केलेल्या चुकीच्या विधानांची दुरुस्ती त्यांच्या समर्थकांना वाचायला दिली असता, त्या समर्थकांची माहिती सुधारली, पण ट्रम्प यांच्याविषयीचे मत होते तिथेच राहिले.

आता आपल्या गृहस्थांचे वाक्य पुन्हा वाचावे. ‘फोटो जुना असेल’ या शब्दांत त्यांनी आपला मुद्दा मान्य केलेला आहे. त्यांना मान्य नव्हते ते एवढेच की, तो मुद्दा मान्य केल्यामुळे त्यांच्या पक्षाविषयी काही वेगळे मत बनवावे. माझ्या मते त्या क्षणी आपले काम झाले होते. त्यानंतरचा सगळा वाद तारखेचा नव्हता, तो निष्ठेचा होता, आणि निष्ठा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कुणी सोडत नाही.

वाचणाऱ्यांबद्दल सांगायचे, तर लेटिशिया बोड आणि एमिली व्रागा यांनी २०१५ पासून या विषयावर काम केले आहे. दुसऱ्याच्या चुकीच्या पोस्टखाली झालेली दुरुस्ती नुसती वाचणाऱ्यांच्याही गैरसमजुती कमी होतात, असे त्यांच्या प्रयोगांत आढळले, आणि अशा दुरुस्तीसोबत विश्वासार्ह स्रोताचा दुवा द्यावा, असा त्यांचा आग्रह आहे. आपण तो दिला होता. ज्यांनी तो उघडून पाहिला आणि एक अक्षरही लिहिले नाही, असे लोक आपल्याला दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असे होत नाही.

थांबण्याबाबत एक उपयोगी निरीक्षण आहे. रेडिट या संकेतस्थळावर ‘माझे मत बदलून दाखवा’ अशा धर्तीचा एक विभाग आहे, जिथे लोक आपले मत मांडतात आणि ते बदलल्यास तसे जाहीर करतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये तिथल्या वादांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की, थोडीफार देवाणघेवाण उपयोगाची ठरते, पण प्रश्नोत्तरांच्या चार-पाच फेऱ्या उलटल्यावर मत बदलण्याची शक्यता जवळजवळ संपते. मत बदलायच्या तयारीने आलेल्या लोकांची ही गत असेल, तर त्या तयारीविना आलेल्यांशी दोन फेऱ्यांच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

ध्रुवतारा

मुक्तछंद यांच्या विवेचनाशी मी पूर्णपणे सहमत नाही. न दिसणाऱ्या वाचकासाठी लिहितो आहोत, अशी मनाची समजूत घालून माणसे रात्ररात्र भांडत बसतात, हे मी जवळून पाहिले आहे.

शिवाय ही माध्यमे तटस्थ नाहीत, आणि दुरुस्तीचा हेतू त्यांना कळत नाही. खोट्या पोस्टखाली लिहिलेली प्रत्येक कमेंट, मग ती विरोधात का असेना, त्या पोस्टकडे लोकांचे लक्ष आहे याची खूण म्हणून मोजली जाऊ शकते आणि पोस्ट आणखी लोकांपुढे जाते. फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते. रागाच्या चिन्हाचे वजन नंतर टप्प्याटप्प्याने कमी करून शून्यावर आणले गेले, पण मधल्या काळात लोकांना चिडवणारा मजकूर या यंत्रणेच्या दृष्टीने मौल्यवान ठरत होता. न्यूयॉर्क विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१७ मध्ये ट्विटरवरील वादग्रस्त विषयांचे संदेश तपासले, तेव्हा नैतिक संताप किंवा तत्सम भावना व्यक्त करणारा एकेक शब्द वाढला की संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, असे आढळले. शांतपणे तारीख सांगणारे आपले वाक्य अशा शर्यतीत मागे पडणारच.

म्हणून मी इतरांच्या पोस्टखाली लिहिणे सोडले आहे. जे खोटे वाटते त्याविषयी मी माझ्या स्वतःच्या जागी, मूळ पोस्ट पुढे न पाठवता आणि कुणाचे नाव न घेता, पुराव्यासह लिहितो.

दवबिंदू

दोघांचेही आभार. माझ्या दुसऱ्या उत्तराची गरज नव्हती, हे मुक्तछंद यांनी नेमके दाखवले. ध्रुवतारा, आपला मार्ग शांततेचा आहे खरा, पण माझ्या जागी जे मी लिहिते ते वाचणारे बहुतेक आधीच माझ्या मताचे असतात. ज्यांनी ते खोटे छायाचित्र पाहिले त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही, आणि मला पोहोचायचे आहे ते त्यांच्यापर्यंतच. वैयक्तिक शेरेबाजीचे काय करावे, यावरही कुणी लिहिल्यास बरे होईल.

जुना वाचक

पोहोचायचे असेल तर आधी सभा पाहावी. हा सल्ला माझा नाही, चरकसंहितेचा आहे. वैद्यकाच्या या ग्रंथाच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी, यावर आजही वाचण्यासारखे विवेचन आहे. तिथे संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकमेकांकडून शिकण्यासाठी सलोख्याने केलेली ती संधाय संभाषा, आणि जिंकण्यासाठी केलेली ती विगृह्य संभाषा. दुसऱ्या प्रकारात उतरण्यापूर्वी प्रतिवाद्याचे गुणदोष पारखावेत आणि त्याचबरोबर ऐकणाऱ्या परिषदेचीही परीक्षा करावी, असे ग्रंथकार बजावतो. परिषद सुज्ञ असो वा अज्ञ, ती मित्रभावाची, उदासीन किंवा विरोधी भावाने बसलेली असू शकते, आणि या शेवटच्या, प्रतिनिविष्ट म्हटलेल्या परिषदेत कुणाशीही वाद घालू नये, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

आपल्या प्रश्नाला ही विभागणी तंतोतंत लागू पडते. मी कुठेही लिहिण्यापूर्वी त्या पोस्टखालच्या आधीच्या कमेंट सावकाश वाचतो. कुणीतरी खरोखरीची शंका विचारली आहे का, ‘हे नक्की कधीचे आहे?’ असे एखाद्याने म्हटले आहे का, पोस्ट टाकणाऱ्याने पूर्वी कधी एखादी दुरुस्ती स्वीकारली आहे का, हे पाहतो. अशी एखादी जरी खूण दिसली तरी ती परिषद निदान उदासीन आहे असे समजावे आणि लिहावे. सगळ्या कमेंट एकाच सुरातल्या असतील, आणि आधी कुणी विरोधात लिहिले असता त्याची टिंगल झालेली असेल, तर तिथे ध्रुवतारा यांचा मार्ग बरा.

लिहायचे ते कसे, यावरही थोडे सांगतो. खरे काय आहे ते पहिल्याच वाक्यात यावे. ‘हे छायाचित्र अमुक वर्षीच्या अमुक कार्यक्रमाचे आहे’ असे सुरू करावे, ‘कालच्या सभेचे नाही’ हे एकदाच म्हणावे, दुवा द्यावा आणि तिथेच थांबावे. खोटे विधान खोडून काढण्यासाठी जरी ते पुन्हापुन्हा उच्चारले, तरी ते कानावर पडून ओळखीचे होते, आणि ओळखीचे वाटणारे विधान माणसाला खरे वाटू लागते. हे मानसशास्त्रात १९७७ पासून वारंवार दिसून आलेले आहे. ‘तुम्ही लोक’ हे शब्द तर लिहूच नयेत, कारण त्या शब्दांनी जो काठावर उभा असतो तोही पलीकडे ढकलला जातो.

समोरच्या माणसाचे मत बदलावे अशी तळमळ असेलच, तर तो प्रयत्न खासगीत करावा, आणि सांगण्यापेक्षा विचारण्यावर भर द्यावा. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला यांनी २०१६ मध्ये मायामीत झालेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन पारलिंगी व्यक्तींविषयीच्या पूर्वग्रहांवर लोकांशी सुमारे दहा मिनिटे बोलणे केले होते. दोषारोप न करता, त्या माणसाला स्वतःला वेगळे पाडले गेल्याचा अनुभव आठवायला लावणे, ही त्या संभाषणाची रीत होती. पूर्वग्रहात झालेली घट निदान तीन महिने टिकली. एक अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाचे मन वळवू शकतो याचा माझ्या माहितीतला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि त्यात प्रेक्षक नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पाऊलवाट

शेरेबाजीबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. आडनाव, चेहरा किंवा नोकरी यांवर कुणी घसरले की त्याला मुद्द्याने उत्तर देऊ नका. उत्तर दिल्याने तो वादाचाच एक भाग आहे, असे इतरांना वाटू लागते. स्क्रीनशॉट जपून ठेवा, तक्रार नोंदवा, ब्लॉक करा. धमकी असेल तर पोलिसांकडे जाण्यात संकोच करू नका. आपली नोकरी कुठे आहे हे उघड दिसत असेल, तर ते आजच झाकून ठेवा.

परंतु मला खरे म्हणायचे आहे ते वेगळे आहे. त्या धाग्यावर आपल्यावर घसरणाऱ्यांना त्यांच्याच बाजूच्या एखाद्याने ‘पुरे करा, बाईंनी फोटोची तारीख सांगितली आहे, त्यांच्या आडनावाचा इथे संबंध नाही’ असे लिहिले असते, तर चित्र पालटले असते. हा केवळ माझा अंदाज नाही. केव्हिन मंगर या अभ्यासकाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्विटरवर वर्णद्वेषी शिवी वापरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना वेगवेगळ्या बनावट खात्यांवरून समज दिली होती. समज देणारा गोरा आणि भरपूर अनुयायी असलेला दिसत होता तेव्हा ती शिवी वापरण्याचे प्रमाण लक्षणीय घटले, आणि समज देणारा कृष्णवर्णीय दिसत होता तेव्हा तसा परिणाम झाला नाही. म्हणजे माणूस आपल्यातल्याचे ऐकतो.

यावरून मी माझ्यापुरते असे ठरवले आहे की, विरोधकांच्या खोट्या पोस्टवर मी वेळ कमी घालवते आणि आमच्या बाजूने पसरणाऱ्या खोट्यावर जास्त. आमच्या विचारांच्या एका समूहात मध्यंतरी विरोधी नेत्याच्या भाषणाची एक चित्रफीत फिरत होती. तिच्यात एक वाक्य अर्ध्यावर तोडले होते, त्यामुळे त्याचा अर्थ नेमका उलटा होत होता. मी पूर्ण भाषणाचा दुवा देऊन, ते वाक्य कोणत्या मिनिटाला येते ते लिहिले. दोघांनी नाराजी दाखवली आणि एकाने मला ‘तू नक्की कुणाच्या बाजूची?’ असे विचारले. पण ज्याने ती चित्रफीत टाकली होती त्याने ती काढून टाकली, आणि काढल्याचे समूहात लिहिलेही. मी गेली अनेक वर्षे त्याच्यासोबत काम करते, हे त्याला ठाऊक होते. तीच दुरुस्ती विरोधी पक्षाच्या एखाद्या अनोळखी माणसाने केली असती, तर त्याला काय उत्तर मिळाले असते ते आपण आपल्या प्रश्नातच लिहिले आहे.

म्हणून दवबिंदू, माझी विनंती अशी आहे की, त्या गृहस्थांच्या पोस्टवर परत जाऊ नका. त्यांच्या बाजूचा एखादा सरळ माणूस आपल्या ओळखीत असेल, तर मूळ बातमीचा दुवा त्याला पाठवा, आणि तिथे दोन ओळी तो लिहील का, एवढे विचारा. त्याने उद्या आपल्या बाजूच्या एखाद्या खोट्या पोस्टबद्दल आपल्याला असेच सांगितले, तर तिथे आपण लिहा.