कॅनेलो–स्कल: बारा राउंड नुसती खडाखडी, असं का झालं?

टिळकवाडी जॅब
शिव्या घालून आणि ‘फिक्सिंग’ म्हणून झालं असेल तर आता जरा कामाचं बोलूया. रियाधची ही बॉक्सिंगची लढत, जी कॅनेलोनं गुणांवर जिंकली, आपल्याकडं 4 मे 2025 च्या सकाळी दिसली. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत कॅनेलो अल्वारेझचे 152 ठोसे, त्यातले लागले 56. विल्यम स्कलचे 293, लागले 55. दोघांचे मिळून 445. बारा राउंडच्या लढतीत त्यांच्या नोंदीतला हा नीचांक. कॅनेलोच्या वाट्याला राउंडमागं तेरा ठोसेसुद्धा येत नाहीत की!

दोष कुणाचा, पळणाऱ्या स्कलचा की मागं चालणाऱ्या कॅनेलोचा? एका पंचाचं कार्ड 115-113 आणि दुसऱ्याचं 119-109, हे कसं? आणि तालमीतल्या पोरांना पळणारा गडी कोंडायचं शिकवायचं असेल तर काय घ्यावं? रिंग नाही, जागा मातीची आहे.

निपाणी साउथपॉ
फिक्सिंग-बिक्सिंग काही नाही. कॅनेलोच्या डोळ्यासमोर टेरेन्स क्रॉफर्ड या बॉक्सरबरोबरची सप्टेंबरची मोठी लढत होती, क्रॉफर्ड रिंगजवळच बसलेला. असल्या वेळी कुणी अंगावर जखम घेत नाही. स्कलला पाडलं काय आणि गुणांवर हरवलं काय, पट्टा तोच आणि पैसा तोच.

आणि एकट्या त्या लढतीला तरी का बोल लावायचा? त्याच कार्यक्रमात बकोले–अजाग्बा बरोबरीत, बाडू जॅक आणि मुंगिया गुणांवर, वर कॅनेलोही गुणांवर. चार मोठ्या लढती, एकही निकाली नाही. आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला रोली रोमेरोनं दुसऱ्या राउंडला रायन गार्सियाला डाव्या हुकवर (कोपर वाकवून बाजूनं मारलेल्या ठोशावर) खाली बसवलं, तेवढाच काय तो जीव. पुढं तिथंही सामसूम. भर चौकात रिंग लावली, पण पब्लिक मोजकं आणि आमंत्रित. ओरडायला कुणी नसलं की गडीपण गार पडतो.

कॅम्पातला पंच
कार्डाचं सांगतो. 119-109 म्हणजे अकरा राउंड कॅनेलोचे, एक स्कलचा. तिसऱ्या पंचाचं 116-112 म्हणजे आठ-चार. 115-113 म्हणजे सात-पाच. राउंडला दोघांचे प्रत्येकी सरासरी पाचच्या आत ठोसे लागत असतील तर एक चांगला बरगडीवरचा फटका सगळा राउंड फिरवतो. तो फटका एका पंचाला दिसतो, तर दुसऱ्याच्या बाजूनं त्या वेळी कॅनेलोची पाठ असते. गुण देताना चार गोष्टी बघतात: स्वच्छ ठोसा, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा, बचाव. पहिलीतच काही नसलं तर पंच तिसरीवर जातो, आणि ताबा कुणाचा यावर दोघांचं कधी जुळत नाही. पुढं चालणारा म्हणजे ताबा त्याचा, असं धरणारे बरेच. माझ्या मते ते चूक. स्कल त्याला हवा तिकडं फिरवत होता.

घरी गुण लिहायचे तर कॉमेंट्रीचा आवाज बंद ठेवा आणि राउंड संपल्यावर मधल्या मिनिटातच आकडा लिहून टाका. शेवटी आठवून लिहिलं की शेवटच्या दोन राउंडचंच वजन पडतं.

फ्रीस्टाइल कुस्तीत निष्क्रिय गड्याला तीस सेकंदांची मुदत मिळते, त्यात कुणाचाच गुण झाला नाही तर समोरच्याला एक गुण जातो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असं घड्याळ नाही. मिठी मारून धरलं तर रेफरी गुण कापू शकतो, नुसतं फिरत राहिलं तर मोकळं सुटतं. आनंदवाडीच्या आखाड्यात अशी जोड लावली असती तर पाचव्या मिनिटाला पब्लिकनंच सोडवली असती.

खानापूर कॉर्नर
पळणारा नेहमी पळणारच, ते त्याचं काम. माझा राग कॅनेलोवर. तो स्कलच्या मागं चालला, आडवा गेला नाही. गडी जिथं आहे तिथं पाऊल टाकलं की तुम्ही पोचेपर्यंत तो दुसरीकडं. जिथं जाणार तिथं पाऊल पडायला पाहिजे. त्यात कॅनेलो मुळात समोरच्याच्या चुकीवर मारणारा. स्कलनं मोठी चूकच केली नाही, मग हा एक जड ठोसा हातात धरून वाट बघत बसला.

तालमीत असं करा. मातीवर चुन्यानं 16 फुटांचा चौकोन आखा. कर्ण 22 फूट साडेसात इंच आला तर कोपरे काटकोनात आहेत, नाहीतर एक कोपरा अरुंद होतो आणि पोरं त्याच कोपऱ्यात सापडून खोटा विश्वास येतो. आत तीन फुटांवर दुसरी रेघ मारा. पळणाऱ्याचा मागचा पाय त्या पट्ट्यात गेला की समजा तो दोरावर आहे.

पहिला आठवडा ठोसे बंद. दोघांचे हात पाठीमागं. दोन मिनिटांत कोंडणाऱ्यानं समोरच्याला कोपऱ्यात तीन मोजेपर्यंत ठेवायचं, बस्स. उजव्या हाताचे दोघे असतील तर: तो तुमच्या डावीकडं निघाला की आधी डावा पाय फूटभर डावीकडं, मग उजवा तेवढाच ओढून आणा. उजवीकडं निघाला तर आधी उजवा. पाय एकमेकांवरून कधीही नाही, त्या क्षणी नुसता धक्का लागला तरी गडी खाली. अंतर दीड पावलाचं ठेवा. जवळ घुसलात की तो बगलेखालून निसटतो.

सरळ पाठलाग करण्यापेक्षा आधी हूल द्या. खांदा हलवला की पळणारा एक बाजू निवडतो, मग त्याच बाजूला आडवं जा. दुसऱ्या आठवड्यात ठोसे सोडा, पण अंगावरच. डावीकडं निघाला तर डावा हुक फासळीवर, उजवीकडं निघाला तर उजवा सरळ छातीखाली. डोकं झटक्यात हलतं, धड मागून येतं, म्हणून.

टिळकवाडी जॅब
झकास. पोरांना दाखवायला एखादी लढत?

खानापूर कॉर्नर
याच कॅनेलोची, 6 नोव्हेंबर 2021 ची, केलेब प्लँटबरोबरची. प्लँटही हलता, जॅबवर (पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर) खेळणारा. तिथं कॅनेलोनं अंगावर मारून मारून पाय जड केले आणि अकराव्या राउंडला निकाल लावला. आवाज बंद करून फक्त पाय बघायला सांगा. आणि सगळी लढत एकदम लावू नका, पोरं तिसऱ्या राउंडला मोबाइल काढतात. आधी दोन राउंड, मग थेट दहावा आणि अकरावा.