व्हॅलीला टेकणारे वासे नीट बसेनात, फट राहतेय

अर्धवट_सुतार:
मंडळी, एल आकाराचं छप्पर करतोय. दोन्ही पाख्यांचा उतार सारखा, दोनला एक, म्हणजे २ मीटर आडवं गेलं की १ मीटर चढ. दोन्ही आढी (छपराच्या माथ्यावरची आडवी लाकडं) एकाच उंचीला आणि काटकोनात. साधे वासे मस्त बसले, व्हॅलीचा, म्हणजे दोन छपरं आतल्या कोपऱ्यात मिळतात त्या पन्हळीखालचा मोठा वासा पण बसवला (५० मिमी जाड आहे), पण आता आढ्यापासून खाली येऊन व्हॅलीला टेकणारे आखूड वासे आहेत ना, त्यांनी जीव खाल्लाय. ६०० मिमी अंतरावर लावतोय. पहिला कापला तो लांब झाला, मग डोळ्यांनी थोडं थोडं कमी करत गेलो तर आता तोंडाला एका बाजूला फट. वरच्या कडेवर ४५ ची रेघ अगदी बरोब्बर मारली होती, शपथ. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, माझं तर घर जागेवरच आहे आणि वासे फिरलेत. कुठे चुकतंय?

ओळंबा:
वरच्या कडेवर ४५ मारलीस ना, तिथेच घोळ. ४५ अंश आहेत ते वरून सरळ खाली बघितल्यावर दिसणारे, आणि वासा तर तिरका आहे. तुझ्या उतारावर लांबी १.११८ पट होते, त्यामुळे ५० मिमी जाडीत रेघ वाशाच्या लांबीवर ५० नाही तर ५६ सरकायला हवी. वरच्या कडेवर तो कोन जवळपास ४२ चा येतो. तुझी फट त्या ६ मिमीची आहे. सोपा मार्ग सांगतो, वरच्या कडेचा नादच सोड. वाशाच्या बाजूवर ओळंब्याची रेघ मार (वासा जागेवर बसल्यावर सरळ उभी येणारी, तीच जी साध्या वाशाला आढ्याकडे मारलीस), मशीनचं ब्लेड ४५ ला तिरकं कर आणि त्या रेघेवरून कापत जा, कोन आपोआप बरोबर येतो. फक्त छोटं मशीन असेल तर तिरक्या ब्लेडने ५० मिमी आरपार जात नाही, राहिलेलं हातकरवतीने काढ.

अर्धवट_सुतार:
हो हो, फट साधारण तेवढीच आहे 😅 पण मग लांबी का चुकली? माप तर आढ्यापासून व्हॅलीच्या मधल्या रेघेपर्यंत घेतलं होतं.

ओळंबा:
माप बरोबर घेतलंस, वजावट विसरलास. मधल्या रेघेपर्यंतचं माप म्हणजे कागदावरचं माप, वासा तर व्हॅलीच्या बाजूलाच थांबतो. ५० ची अर्धी जाडी २५, पण वासा ४५ मध्ये येतो म्हणून २५ गुणिले १.४१४, साधारण ३५. हे आडवं, ओळंब्याच्या रेघेला काटकोनात मोजायचं, वाशाच्या लांबीवर मोजशील तर ४० होतं. वरच्या टोकाला आढ्याची अर्धी जाडी वेगळी. आणि हे सगळं वरच्या कडेच्या मधोमध मोजायचं हं, लांब टोकाला नाही, तिथे अजून एक चूक होते. एक वासा जमला की पुढचा ६७१ मिमीने कमी (६०० गुणिले १.११८), तसेच उतरत जायचं.

जुना_रंधा:
गणित करा रे पण कापायच्या आधी एकदा दोरी लावून बघत जा. व्हॅलीचा वासा तरी सरळ आहे का? त्याची लांबी तुझ्या उताराला साध्या वाशाच्या आडव्या मापाच्या बरोब्बर दीडपट यायला हवी, म्हणजे साधा वासा आडवा २४०० चालत असेल तर व्हॅली ३६००. आणि आखूड वासे जोडीने ठोक, एक इकडे एक तिकडे, एका बाजूचे सगळे आधी ठोकलेस तर व्हॅली पोट काढते आणि मग बाकीची मापं गेली. उतार दोन्हीकडे वेगळा असता तर यातलं ४५ वगैरे काहीच चाललं नसतं, तुझं नशीब चांगलं.

सरळपट्टी:
एक राहिलं. आखूड वाशाची वरची कड व्हॅलीच्या कडेशी सपाट जुळवू नका, सगळे तेच करतात आणि मग फळ्या मारताना मधे खड्डा पडतो. पट्टी वाशाच्या वरच्या कडेवर ठेवून खाली सरकवा, टोक व्हॅलीच्या मधल्या रेघेला लागलं पाहिजे. तुमच्या मापात वासा व्हॅलीच्या कडेपेक्षा जवळपास ९ मिमी वर राहील. बघताना चुकल्यासारखं वाटतं, पण तेच बरोबर.

अर्धवट_सुतार:
सगळ्यांचे आभार, ओळंबा दादा तुमच्या पद्धतीने कापला, पहिलाच असा बसला की मधे कागद पण जाईना. त्या आनंदात चार एकदम कापले आणि आता बघतो तर चारही डाव्या बाजूचे 🤦 उलटे करून चालतील का?

जुना_रंधा:
नाही चालणार, फिरवलास तर तिरकं तोंड आढ्याकडे जातं. टाकून नको देऊ, पुढचा वासा ६७१ ने आखूडच आहे ना, त्यातूनच उजवा काढ. आणि आता खडूने डा, उ लिहून ठेव बाबा.