हिवाळ्यात ऑफिसच्या वेळेत असर आणि मगरिब कशी सांभाळायची?

मुंब्रा_लोकल: अस्सलामु अलैकुम. ऑफिस फोर्टला, 9:30 ते 5:45. जोहर (दुपारची नमाज) जेवणाच्या सुट्टीत होते. डिसेंबरात असर (दुपार उलटल्यावरची) मीटिंगमध्ये अडकते आणि मगरिब (सूर्यास्तानंतरची) लोकलमध्ये जाते. शिवाय वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करताना ऑफिसच्या बेसिनवर पाय धुतले की लादी ओली होते, हाउसकीपिंगवाले नाराज होतात. जाणकारांनी नेमकं सांगा.

दापोलीकर: वालेकुम सलाम. आधी घड्याळ मांडू. 1 डिसेंबरला मुंबईत जोहर साधारण 12:28 ला सुरू होते. असर शाफई हिशेबाने 3:37 ला, हनफी हिशेबाने 4:24 ला (शाफई आणि हनफी हे सुन्नींचे दोन मजहब, म्हणजे विचारपंथ). सूर्यास्त 6:00 (तेव्हा मगरिब लागते), इशा (रात्रीची नमाज) 7:17. शाफईंमध्ये वस्तूची सावली (दुपारची मूळ सावली सोडून) एकपट झाली की असर लागते, हनफींमध्ये दुप्पट झाल्यावर. आपण कोकणी बहुतेक शाफई, त्यामुळे 4 च्या मीटिंगआधी 3:40 ला असर पढून मोकळं होता येतं. मोबाइलच्या ॲपमध्ये मात्र 'हनफी' निवडलेलं राहिलं तर पाऊण तास उगाच हातचा जातो. सेटिंग तपासाच.

हनफी असाल तर 4:25 नंतर दहा मिनिटं मागून घ्या. चार फर्ज (सक्तीच्या रकात) घाई न करता पाच-सहा मिनिटांत होतात. असरआधीच्या चार सुन्नत (जादा रकात) गैर-मुअक्कदा, म्हणजे ऐच्छिक आहेत, सोडल्या तर गुनाह नाही. रोजच अडचण असेल तर आपल्या आलिमांना (धर्मपंडितांना) विचारा, कारण हनफींचेच इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांचं मतही एकपट सावलीचंच आहे. सूर्यास्ताआधीच्या वीसेक मिनिटांपर्यंत लांबवणं मकरूह (नापसंत). तरीही त्या दिवशीची असर राहिलीच असेल तर तेव्हाही पढायचीच.

वुजू_आणि_वेळ: पायांसाठी चामडी मोजे घ्या, खुफ्फैन. पूर्ण वुजू करूनच चढवायचे, घोटा झाकला पाहिजे. त्यानंतर वुजू पहिल्यांदा तुटला की तिथून मसहचे (पाय न धुता मोज्यांवर ओला हात फिरवण्याच्या मुभेचे) 24 तास मोजायचे, मोजे घातल्या क्षणापासून नव्हे. इथे बरेच जण चुकतात. नंतरच्या वुजूत पाय धुवायचे नाहीत. ओल्या हाताची तीन बोटं पायाच्या बोटांपासून नडगीकडे वरच्या बाजूने एकदा ओढायची, तळव्यावर नाही. पातळ सुती मोज्यांवर हा मसह दोन्ही मजहबांत चालत नाही. फाटके मोजेही बघून घ्या: हनफींत पायाच्या तीन लहान बोटांएवढं भोक पडलं की मसह जातो, शाफईंत पाय दिसेल एवढी फटसुद्धा नको.

बाकीच्या वुजूला अर्ध्या लिटरची बाटली पुरते, नळ सोडायची गरज नाही. नखांवर नेलपॉलिश, हातावर फेविक्विक किंवा व्हाइटनर राहिला तर खाली पाणी पोचत नाही आणि वुजू होत नाही. शाफई असाल तर आणखी एक: परक्या स्त्री-पुरुषांनी हात मिळवला की वुजू तुटतो. क्लायंट भेटून गेल्यावर तो नव्याने करा.

मुंब्रा_लोकल: जझाकल्लाह, मोज्यांचं माहीतच नव्हतं. आणि मगरिब?

दापोलीकर: 5:50 ची धीमी लोकल सोडा. सीएसएमटीहून मुंब्र्याला तासभर लागतो. स्टेशनवरून घरी पोचून वुजू करेपर्यंत 7:10 होतात, म्हणजे इशाला जेमतेम सात मिनिटं. एक गाडी चुकली की मगरिब कजा, म्हणजे वेळ टळलेली. त्यापेक्षा 6:00 ला फोर्टातच तीन फर्ज आणि दोन सुन्नत पढून 6:20 ची गाडी धरा. गर्दीच्या डब्यात उभं राहून किबल्याकडे (मक्केच्या काबाच्या दिशेला) तोंड करता येत नाही. आणि मुंबई-मुंब्रा हा कसरचा (नमाज छोटी करायची सवलत असलेला) प्रवासही नाही, त्याला साधारण 77 किलोमीटरच्या वर अंतर लागतं. त्यामुळे मगरिब-इशा जोडून पढण्याची शाफई मुभाही इथे लागू होत नाही.

वुजू_आणि_वेळ: किबला मुंबईत पश्चिमेपेक्षा किंचित उत्तरेकडे. लोखंडी कपाट किंवा लिफ्टजवळ मोबाइलचा कंपास भलतंच दाखवतो. जागा एकदा नकाशावरून ठरवून खूण करून ठेवा.

मॅनेजरला मोघम 'नमाजला जायचंय' म्हणण्यापेक्षा कॅलेंडरमध्ये वेळ अडवा, आणि ती दर पंधरा दिवसांनी सरकवत राहा. 15 जानेवारीला सूर्यास्त 6:21 ला असतो, जूनअखेर 7:19 ला. डिसेंबरात अडवलेली वेळ तशीच राहिली तर जानेवारीत तुम्ही सूर्य मावळायच्या आधीच मगरिबला उभे राहाल.